आमच्या पाटीवरची इंग्रजी विशेषणं तपासून द्याल का? होमली, सायलेंट, हिस्टॉरिकल आणि बाकीची

पडवीवाली (देवबाग)

नमस्कार मंडळी. इथे इंग्रजी शिकवणारे, भाषांतर करणारे, परदेशात राहणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारते.

मालवण तालुक्यात देवबागला आमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी, मधल्या माडांच्या पट्टीत आमचं घर. सात वर्षं झाली. आजवर पाहुणे पुण्या-मुंबईचे, कोल्हापूर-बेळगावचे, त्यामुळे मराठी पाटीवर भागत होतं. आता गोव्याहून वर येणारे परदेशी पाहुणेही यायला लागलेत. त्यांच्यासाठी सहा बाय तीनचा इंग्रजी फ्लेक्स करायचाय आणि तोच मजकूर बुकिंगच्या साइटवर टाकायचाय.

मजकूर मीच लिहिला. शब्दकोश मांडीवर घेऊन, रोज दुपारची भांडी झाल्यावर थोडा थोडा. डिसेंबरात अमेरिकेतलं एक जोडपं तीन रात्री राहिलं. जायच्या दिवशी त्या बाईंना मी तो कागद दाखवला. त्यांनी सगळा वाचला आणि 'होमली' शब्दावर बोट ठेवून हळूच म्हणाल्या, हा शब्द काढा, आमच्याकडे याचा अर्थ दिसायला सुमार. मी लिहिलं होतं 'होमली फॅमिली, होमली फूड'. म्हणजे त्यांच्या कानाला मी माझ्याच माणसांना कुरूप म्हणत होते. त्यांनी मायेनंच सांगितलं, पण माझा बाकीच्या कागदावरचा विश्वास उडाला. शब्दकोशात 'होमली'पुढे 'घरगुती' असंच छापलंय. मग उरलेल्या शब्दांचं काय?

माझी वाक्यं देते, आणि मला काय म्हणायचं होतं तेही.

'सायलेंट बीच': आमचा किनारा शांत आहे, गर्दी नाही, गाणी लावणारे नाहीत.

'निअर हिस्टॉरिकल सिंधुदुर्ग फोर्ट': ऐतिहासिक किल्ल्याजवळ.

'एन्शंट हाऊस': घर आजेसासऱ्यांनी बांधलेलं, चिऱ्याच्या भिंती, नव्वदेक वर्षांचं.

'इकॉनॉमिक रूम्स': दर परवडणारे.

'हॉट मालवणी फिश करी': तिखट.

'स्वीट वॉटर वेल': विहिरीचं पाणी गोडं आहे. समुद्र इतका जवळ असून विहीर गोडी, हे आमच्याकडे मोठं भाग्य समजतात, म्हणून ते मला लिहायचंच आहे.

'फूड कुक्ड बाय माय ओल्ड मदर-इन-लॉ': सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. खोबऱ्या-मसाल्याचं वाटप आजही त्यांच्याच हातचं.

फ्लेक्सवाला शनिवारी संध्याकाळपर्यंत थांबलाय. कृपया नुसतं चूक-बरोबर सांगू नका, का ते सांगा. ते कळलं की पुढच्या वेळी माझं मला लिहिता येईल.

एडिसनकर

वहिनी, होमलीचं मी सांगतो. न्यू जर्सीत एकोणीस वर्षं झाली, आणि हा शब्द माझ्या चांगल्या ओळखीचा आहे.

तुमचा शब्दकोश खोटा नाही. ब्रिटनमध्ये 'होमली' म्हणजे साधं, घरच्यासारखं, ऊब असलेलं. आपण इंग्रजी तिकडून घेतलं, तेव्हा हा अर्थही तिकडूनच आला. अमेरिकेत मात्र तोच शब्द माणसाला लावला की रूपानं डावा असा अर्थ होतो. घरगुती वातावरणाला इकडे 'होमी' म्हणतात, मधला 'ल' गाळून. एका अक्षराचा फरक, आणि त्यात कुणाचाही अपमान होऊ शकतो.

आपल्याकडे याला आणखी तिसरा अर्थ चिकटलाय, तो लग्नाच्या जाहिरातींतला. मराठी जाहिरातीत 'गृहकृत्यदक्ष' असतं, तेच इंग्रजी जाहिरातीत 'होमली गर्ल' होऊन येतं. माझ्या बहिणीच्या वेळी वडिलांनी तशी जाहिरात दिली होती. इकडच्या एका सहकाऱ्यानं ती वाचली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, तुझे वडील मुलीबद्दल असं का लिहितात? माझी बहीण देखणी आहे. मला त्याला समजावून सांगायला बराच वेळ लागला, आणि तेव्हापासून मी हा शब्द वापरणं सोडलं.

तुमच्याकडे इंग्लंडचेही येणार, अमेरिकेचेही येणार. दोघांनाही चालेल असं लिहा: जेवणाला 'होम-कुक्ड' आणि घराला 'फॅमिली-रन'. दोन्हींत वर्णन कमी आणि माहिती जास्त आहे, त्यामुळे कुठेच वाकडा अर्थ निघत नाही.

खडूवाले मास्तर (कराड)

ताई, चौतीस वर्षं माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवलं. तुमच्या यादीतली प्रत्येक चूक मी वहीत हजार वेळा लाल केली असेल, आणि त्या मुलांचं डोकं चालत नव्हतं असं एकदाही म्हणवलं नाही. आपल्या मराठीत एक शब्द असतो, तो चार ठिकाणी राबतो. इंग्रजीत त्या चार ठिकाणी चार वेगळे गडी ठेवलेत. आपण शब्दकोशातला पहिला गडी उचलतो आणि चारही कामांना जुंपतो. 'शाळा लांब आहे' आणि 'दोरी लांब आहे' यांत आपल्याला एकच 'लांब' दिसतो, म्हणून पोरगं लिहितं 'माय स्कूल इज लाँग'. त्यात त्याचा काय दोष?

'शांत' हा त्यातला सगळ्यात राबणारा शब्द. समुद्र शांत, गाव शांत, वर्ग शांत, स्वभाव शांत. दिवासुद्धा शांत होतो. इंग्रजीत 'सायलेंट' म्हणजे अजिबात आवाज नसलेला. मूकपटाला 'सायलेंट' म्हणतात ते यामुळेच. आता तुम्हीच सांगा, तुमच्या किनाऱ्यावर लाटांचा आवाज नसतो का? मी देवबागला एकदा राहिलोय. पहिल्या रात्री त्या गाजेनं झोप लागली नव्हती, आणि दुसऱ्या रात्री त्याच गाजेनं लागली. असा किनारा सायलेंट कसा होईल? तो 'क्वाएट' आहे. क्वाएट म्हणजे गोंगाट नसलेला. थोडाफार आवाज त्यात खपतो.

तिसरा शब्द 'काम' (calm). तो पाण्याच्या पृष्ठभागाला आणि माणसाच्या मनाला लागतो: खळबळ नसलेलं. तुमची खाडी 'काम' आहे. म्हणजे तुमच्या घराच्या एका बाजूला 'क्वाएट बीच' आणि दुसऱ्या बाजूला 'काम वॉटर'. मराठीत दोन्ही शांतच. हा फरक दाखवायला इतकं सोयीचं घर मला वर्गात कधी मिळालं नाही. आणि 'पीसफुल' हा शब्द त्या जागेनं तुमच्या मनाचं काय केलं ते सांगतो. तो पाहुण्यांनी अभिप्रायाच्या वहीत लिहावा, आपण पाटीवर लिहू नये असं माझं मत. मॅगेलन १५२० साली सामुद्रधुनीतून बाहेर पडला आणि पुढचं पाणी इतकं निवांत दिसलं की त्यानं त्या महासागराला 'पॅसिफिक' म्हटलं. आपण त्याचं 'प्रशांत' केलं, ते फार नेमकं झालंय.

आता किल्ला. 'हिस्टॉरिक' म्हणजे इतिहासात ज्याला मोल आहे असा. 'हिस्टॉरिकल' म्हणजे इतिहासाविषयीचा किंवा गतकाळातला, मग तो महत्त्वाचा असो नसो. महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं, तो किल्ला हिस्टॉरिक. रायगडावरचा १६७४ चा राज्याभिषेक हिस्टॉरिक. २०२५ च्या जुलैमध्ये सिंधुदुर्गासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तो निर्णयही हिस्टॉरिक. पण पेशवे दफ्तरात मोडीतला एखादा कागद निघाला आणि त्यावर नुसता दाणावैरणीचा हिशेब असला, तर तो कागद हिस्टॉरिकल. कादंबरी शिवकाळावर असली तर ती हिस्टॉरिकल. तिनं साहित्याची दिशा बदलली तर ती हिस्टॉरिकही. मुलांना मी सांगायचो, 'ऐतिहासिक' काढून तिथे 'इतिहासात नोंद व्हावी असा' घालून बघा. वाक्य उभं राहिलं तर हिस्टॉरिक, नाहीतर हिस्टॉरिकल.

शेवटच्या 'इक' आणि 'इकल'वरून सगळीकडे एकच नियम निघतो का, असं मुलं विचारायची. नाही निघत. निघाला असता तर मी तो वर्गाच्या दारावर रंगवला असता. 'क्लासिक' आणि 'क्लासिकल'चंच बघा. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. दोनच दिवसांत अभिनंदनाचा एक मोठा फलक लागला, त्यावर 'क्लासिक लँग्वेज'. तिथे 'क्लासिकल' हवं होतं. क्लासिकल म्हणजे जुन्या परंपरेतली, शास्त्र असलेली. आपण संगीताला शास्त्रीय म्हणतो तसं. क्लासिक म्हणजे आपल्या प्रकारातला उत्तम नमुना. आनंदाच्या क्षणी कोण खोट काढणार, पण त्या फलकाखालून जाताना मला दर वेळी वाईट वाटायचं. आपली भाषा मोठी झाल्याचं सांगताना दुसऱ्या भाषेतला शब्दही नीट असावा.

'एन्शंट' तर काढाच. एन्शंट म्हणजे प्राचीन, अजिंठ्याची लेणी. नव्वद वर्षांचं घर 'ओल्ड'. आणि ओल्ड घर म्हणण्यात कमीपणा काहीच नाही, उलट लोक तेच शोधत येतात. 'चिऱ्याचं' हे मात्र लिहा, लॅटेराइट म्हणतात त्याला.

पडवीवाली (देवबाग)

सर, किती समजावून लिहिलंत. 'क्वाएट' आणि 'काम' वाचून मी उठून आधी पुढच्या बाजूला गेले आणि मग मागे खाडीवर. पुढे रापण, म्हणजे मोठं जाळं, किनाऱ्यावर ओढायचं चाललं होतं, चाळीसेक माणसं दोन्ही दोरांवर, हाकारे चालू. मागे खाडीत एक होडी नुसती उभी होती, तिची सावलीसुद्धा हलत नव्हती. आम्ही दोन्हीकडे 'शांत' म्हणतो, आणि आजवर मला त्यात दोन गोष्टी दिसल्याच नव्हत्या.

'हॉट'वरून आठवलं. त्याच अमेरिकन बाईंनी माशाची कढी बघून विचारलं होतं, 'इज इट हॉट?' मी म्हटलं 'नो, आय विल हीट' आणि पातेलं परत चुलीवर ठेवलं. त्या विचारत होत्या तिखट आहे का, आणि कढी तर चांगली झणझणीत होती. पहिल्या घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी सोलकढी पुढे केली, पण मला फार चुकल्यासारखं झालं. जेवणाच्या बाबतीत अशी चूक परत व्हायला नको.

आणि गोड्या पाण्याचं कुणीच बोललं नाही. ते राहू दे ना?

अर्धविराम

मी भाषांतराचं काम करते, बरंचसं पर्यटनाच्या पुस्तिकांचं, त्यामुळे गोड्या पाण्याशी माझी रोजचीच गाठ आहे.

ताई, सिंधुदुर्ग किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन विहिरी आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोडं. माहितीपत्रकांत त्यांचं भाषांतर नेहमी 'स्वीट वॉटर' असं दिसतं. आपल्याकडच्या इंग्रजीत ते चालतं, पण बाहेरच्या वाचकाला वाटतं पाण्यात साखर आहे, आणि तिसऱ्या विहिरीचं नाव साखरबाव कळलं की त्याची खात्रीच पटते. खाऱ्याच्या उलट जे गोडं, त्याला इंग्रजीत 'फ्रेश' म्हणतात. 'फ्रेशवॉटर वेल' लिहा.

पण इथे एक मोठा खड्डा आहे आणि तुम्ही मासे वाढता, म्हणून नीट बघा. 'फ्रेश फिश' म्हणजे ताजे मासे. 'फ्रेशवॉटर फिश' म्हणजे गोड्या पाण्यातले, नदी-तळ्यातले मासे. विहिरीसाठी शिकलेला शब्द उत्साहात माशांना लागला, तर मालवणात बसून तुम्ही सुरमई-पापलेटाऐवजी रोहू-कटला वाढताय असा अर्थ होईल. हे मी कल्पनेनं सांगत नाही. किनाऱ्यावरच्या एका खाणावळीचं मेनूकार्ड माझ्याकडे तपासायला आलं होतं, त्यात हेच होतं. मालकांनी ताजेपणा ठसवायला तो लांब शब्द निवडला होता.

'हॉट'साठी 'स्पायसी' घाला. काटेकोर बघितलं तर स्पायसी म्हणजे मसालेदार, आणि मसालेदार सगळंच तिखट नसतं. मसालेभात मसालेदार असतो, ठेचा तिखट असतो, हा भेद आपल्या जिभेला पक्का माहीत आहे. इंग्रजीत तो सैल आहे; स्पायसी म्हटलं की बहुतेक लोक तिखटच समजतात. समोर पाहुणा असेल तर 'चिली' शब्द वापरून सांगा, मग गैरसमज होत नाही.

'इकॉनॉमिक' म्हणजे अर्थव्यवस्थेचा. मुंबईहून निघणारं 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' आठवा, त्यात खोल्यांचे दर नसतात. 'इकॉनॉमिकल' म्हणजे कमी खर्चात भागवणारं, पेट्रोल कमी पिणारी गाडी. खोलीला तोही तितकासा शोभत नाही. 'अफोर्डेबल' किंवा 'रीझनेबल' म्हणा. 'चीप' नको. मराठीत 'स्वस्त' आणि 'हलकं' हे दोन शब्द आहेत, आणि चीपमध्ये दोन्ही एकत्र बसलेत.

सासूबाईंबद्दल: 'ओल्ड' माणसाला लावला की 'म्हातारी' असा ठोक सूर लागतो. 'एल्डर्ली' म्हणजे वयस्कर, त्यात अदब आहे. 'एल्डर' वेगळा, तो आपला 'थोरला'. थोरला जसा नात्यातच शोभतो, थोरला भाऊ, थोरली जाऊ, तसाच एल्डर. आपण खुर्चीला थोरली म्हणत नाही, तेही खुर्चीला एल्डर म्हणत नाहीत. ही एक जोडी तुम्हाला कधी चुकणार नाही, कारण ती आपल्या घरातच आहे.

लोटे परशुराम

मी रासायनिक कारखान्यात सुरक्षेचं बघतो. पाटीशी थेट संबंध नाही, पण ताईंच्या घरी सिलिंडर असणार आणि बाहेर कधीतरी सूचना लागणार, म्हणून लिहितो.

'फ्लॅमेबल' आणि 'इनफ्लॅमेबल' हे उलट शब्द वाटतात, पण दोन्हींचा अर्थ एकच: पटकन पेट घेणारं. यातला 'इन' नकाराचा नाही, तो 'पेटवणे' या लॅटिन क्रियापदातलाच आहे. महामार्गावर टँकरच्या मागे 'हायली इनफ्लॅमेबल' लिहिलेलं असतं ते यासाठी. न पेटणाऱ्याला 'नॉन-फ्लॅमेबल' म्हणतात. प्रशिक्षणाला आलेल्या नव्या मुलांना मी पहिल्याच दिवशी हा प्रश्न टाकतो. दर तुकडीत दोन-तीन जण तरी इनफ्लॅमेबल म्हणजे न पेटणारं असं सांगतात, आणि त्यांना इतर इंग्रजी चांगलं येत असतं. या शब्दाची चूक कागदावर राहत नाही, म्हणून मी आमच्या सगळ्या फलकांवर 'फ्लॅमेबल' करून घेतलं, आणि खाली मराठीत 'ज्वालाग्राही'.

खडूवाले मास्तर (कराड)

'इन'चा हा मुद्दा महत्त्वाचा आहे. 'इनव्हॅल्युएबल'लाही मुलं फसतात, त्यांना वाटतं किंमत नसलेलं. तिथे आपला 'अमूल्य' कामाला येतो. त्यातही 'अ' आहे, तरी अर्थ कवडीमोलाचा असा होत नाही. मोल करता येणार नाही इतकं मोठं, असा होतो. बाकी अर्धविराम यांनी थोरल्याचं जे लिहिलंय ते वाचून निवृत्त झाल्याचं पहिल्यांदा वाईट वाटलं. हे उदाहरण मला वर्गात हवं होतं.

पडवीवाली (देवबाग)

शनिवारी दुपारी मजकूर दिला. तुम्हा सगळ्यांना दाखवल्याशिवाय राहवत नाही.

'फॅमिली-रन होमस्टे. ओल्ड लॅटेराइट हाऊस, क्वाएट बीच इन फ्रंट, काम बॅकवॉटर बिहाइंड. निअर हिस्टॉरिक सिंधुदुर्ग फोर्ट. फ्रेशवॉटर वेल. होम-कुक्ड मालवणी मील्स, फ्रेश सी फिश, स्पायसी ऑर माइल्ड. रीझनेबल रेट्स.'

'फ्रेश सी फिश'मधला 'सी' मी मुद्दाम घातला, रोहू-कटल्याची भीती मनात बसली म्हणून. 'माइल्ड' धाकट्यानं सुचवला. कमी तिखट करून देऊ हे पाहुण्याला मागावं लागू नये.

सासूबाईंचं वाक्य शेवटपर्यंत अडलं होतं. 'एल्डर्ली' घालून मी त्यांना मराठीत अर्थ सांगितला. त्या खोबरं खवत बसल्या होत्या. म्हणाल्या, "म्हातारी म्हणान कित्याक लिवतंस गो? जेवण कसा झाला ता लिव." मी म्हटलं, आई, हा शब्द मानाचा आहे. त्यांनी खोबऱ्याची कवड खाली ठेवली आणि विचारलं, "मगे तुझा वय लिवलंस काय?"

ते विशेषणच काढलं. फ्लेक्सच्या शेवटच्या ओळीत आता 'माय मदर-इन-लॉ कुक्स' एवढंच आहे, आणि ती ओळ बाकीच्यांपेक्षा मोठ्या अक्षरात घेतली.